पाडणाऱ्याच्या हातातली बाही

ज्युदोचा वर्ग नीट चालवलेला असेल, तर तिथे नव्या मुलाला पहिले काही आठवडे कुणी डाव शिकवत नाही. ते मूल फक्त पडतं. आधी उताणं झोपून हनुवटी छातीला लावायची आणि दोन्ही हात मॅटवर आपटायचे. ते जमलं की बसल्या जागेवरून मागे, मग उकिडवं बसून, मग उभ्याने. डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर. शेवटी खांद्यावरून पुढे कोलांटी. तास सुटताना मुलांना न्यायला आलेले पालक हे दारातून पाहत असतात आणि दुसऱ्याच आठवड्यात विचारतात, ‘‘सर, अजून पडणंच चाललंय? डाव कधी सुरू करणार?’’ सर अनुभवी असतील तर हसून विषय टाळतात. फीच्या काळजीत असतील तर तिसऱ्या आठवड्यात डाव सुरू होतात.

हा प्रश्न साधा वाटतो, पण तो चुकीचा आहे आणि धोक्याचा आहे. आपण मुलाला पाडायला शिकवण्यासाठी पैसे मोजतो आणि पडायला शिकवणं म्हणजे वेळकाढूपणा समजतो. खरं तर डाव हा ज्युदोचा दुसरा धडा आहे. पहिला धडा ज्याने दिला नाही, त्याला दुसरा देण्याचा अधिकारच नाही.

पडताना शरीरात काय होतं ते आधी पाहू. दीड मीटर उंचीवरून मोकळं खाली येणारं डोकं जमिनीला लागतं, तेव्हा त्याचा वेग ताशी १९ किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. कुणी उचलून आपटलं, तर त्यात त्याच्या ताकदीची भर. अशा वेळी अंगभूत प्रेरणा माणसाला दोन चुकीच्या गोष्टी करायला लावते. हात मागे टेकवायला जातो, आणि सगळं वजन एका मनगटावर येतं. या प्रकारे मोडणाऱ्या मनगटाचं वर्णन डब्लिनच्या अब्राहम कॉलिस या शल्यविशारदाने १८१४ सालीच करून ठेवलं आहे. आजही हाडांचे डॉक्टर त्याला कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात. दुसरी चूक मानेची. ती ढिली राहते, आणि पाठ टेकल्यावर डोकं मागे जाऊन आदळतं.

जपानी ज्युदोत पडण्याच्या तंत्राला उकेमी म्हणतात. ते या दोन्ही प्रेरणा मोडून काढतं. नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे हनुवटी आपोआप छातीला लागते आणि डोकं मॅटपासून उचललेलं राहतं. पाठ गोल करायची. पाठ टेकते त्याच क्षणी अख्खा हात, तळव्यापासून कोपराच्या वरपर्यंत, शरीरापासून ३० ते ४५ अंशांवर मॅटवर आपटायचा. हात फार पसरला तर धक्का खांद्यात जातो, फार जवळ ठेवला तर तो अंगाखाली सापडतो. श्वास रोखायचा नाही, सोडायचा. एका बिंदूवर येणारा आघात असा मोठ्या पृष्ठभागावर आणि थोड्या जास्त वेळात विभागला जातो. हे सगळं निमिषार्धात व्हावं लागतं, म्हणून ते डोक्याने समजून भागत नाही. शेकडो वेळा केल्यावर ते अंगात मुरतं, आणि त्या शेकडो वेळांनाच पालक कंटाळतात.

हे शास्त्र आकाशातून पडलेलं नाही. ज्युदोचा जनक जिगोरो कानो (१८६०–१९३८) हा शाळेत दांडग्या मुलांचा मार खाल्लेला, पाच फुटांच्या आसपास उंचीचा मुलगा. जुजुत्सू या जुन्या झुंजकलेच्या गुरूंकडे तो शिकायला गेला, तेव्हा शिकवण्याची रीत ठरलेली होती : गुरूने शिष्याला आपटायचं आणि शिष्याने आपलं आपण समजून घ्यायचं. पुन्हा विचारलं, तर पुन्हा आपटायचं. कानोच्या अंगाला सतत मलम फासलेलं असे, आणि त्यावरून सोबती त्याची थट्टा करत. १८८२ साली त्याने तोक्योमधल्या एइशोजी मंदिरात १२ तातामींच्या (गवती चटयांच्या) जागेत स्वतःचा वर्ग काढला. पहिल्या वर्षी शिष्य होते नऊ. हाच वर्ग म्हणजे ज्युदोची मूळ संस्था, कोदोकान. जीवघेणे डाव मोकळ्या सरावातून काढून टाकणं आणि पडण्याला रीतसर अभ्यासाचा भाग करणं, हे कानोच्या पद्धतीचे दोन आधार. त्यामुळे पूर्ण जोर लावून झुंजायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झुंजायला धडधाकट यायचं, हे शक्य झालं.

मंदिराच्या दिवसांतली एक गोष्ट मला कानोच्या सगळ्या पदव्यांपेक्षा मोठी वाटते. मुलांच्या आपटण्याने लाकडी जमिनीखालच्या तुळया मोडत. मग रात्री हा शिक्षक दिवा घेऊन जमिनीखालच्या पोकळीत सरपटत शिरायचा आणि स्वतः दुरुस्ती करायचा. जमीन ही शिक्षकाची जबाबदारी आहे, हे त्याला कुणी परिपत्रक काढून सांगितलेलं नव्हतं.

आपल्या तालमींनाही हे ठाऊक होतं. तांबडी माती आणून चाळायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मिसळायचं, रोज कुदळीने हौदा उकरायचा आणि मगच लंगोट कसायचा, ही कोल्हापूरकडच्या पठ्ठ्यांची रोजची चाकरी होती. ती माती पवित्र मानली जात असे, ते ठीकच; पण ती रोज भुसभुशीत केली जात असे, हे त्याहून महत्त्वाचं. उद्या जो पडणार त्याची गादी आज आपण उकरतोय, आणि उद्या पडणारा कदाचित आपणच असू, ही जाणीव त्या कामात होती. आज गल्लोगल्ली निघालेल्या क्लासांत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शाळेच्या लादीवर, एकमेकांत अडकवायच्या बोटभर जाडीच्या फोमच्या तुकड्यांवर मुलांना उचलून टाकलं जातं, तेव्हा ना कानो तिथे असतो ना वस्ताद.

आता बाहीकडे येतो. ज्युदोत प्रतिस्पर्ध्याला फेकताना चांगला खेळाडू त्याची बाही सोडत नाही. एका हाताने त्याची बाही घट्ट धरून ठेवायची आणि तो खाली जात असताना ती वर ओढायची, म्हणजे पडणारा कुशीवर येतो, त्याचा एक हात आपटायला मोकळा राहतो आणि डोकं वर राहतं. प्रशिक्षक हे वारंवार ओरडून सांगतात, कारण नवशिक्याला डाव लागल्याचा आनंद इतका होतो की तो हात सोडून देतो, किंवा स्वतःही तोल जाऊन समोरच्याच्या अंगावर कोसळतो. म्हणजे सुरक्षित पडणं हे एकट्या पडणाऱ्याचं कौशल्य नाही. त्यातला अर्धा वाटा पाडणाऱ्याचा आहे. (इथे ‘जीवनात पडलो तरी उठायला शिकलं पाहिजे’ या वळणावर जाण्याचा मोह लेखकाला होतो. तो मी आवरतो. मला कवटीबद्दल, मानेबद्दल आणि मनगटाबद्दलच बोलायचं आहे. पुरेसं गंभीर आहे ते.)

हा अर्धा वाटा विसरला की काय होतं, ते ज्युदोच्या जन्मभूमीनेच पाहिलं. १९८३ नंतरच्या तीनेक दशकांत जपानच्या शाळांमध्ये ज्युदोमुळे शंभराहून अधिक मुलांचा जीव गेला. नागोया विद्यापीठातले शिक्षणाचे समाजशास्त्रज्ञ र्‍यो उचिदा यांनी शालेय अपघातांच्या भरपाईच्या नोंदी चाळून हा आकडा लोकांपुढे ठेवला. त्या नोंदी सरकारी यंत्रणेकडेच पडून होत्या. त्यांची बेरीज कुणी केली नव्हती. मरण पावलेल्यांत सगळ्यात मोठा भरणा होता माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या, पहिल्या वर्षाच्या मुलांचा. मृत्यूचं कारण बहुतेक वेळा डोक्यातला रक्तस्राव. ज्या डावाचं नाव पुन्हा पुन्हा येतं तो ओसोतो गारी : समोरच्याच्या पायामागे आपला पाय घालून त्याला सरळ मागे उताणं पाडायचं. नवशिक्याला शिकवायला सोपा म्हणून तो लवकर शिकवतात, आणि नवशिक्यालाच त्यात डोक्याची मागची बाजू वाचवणं सगळ्यात अवघड जातं.

या मृत्यूंनंतर शाळा आणि क्लब काय म्हणत? ‘त्याला उकेमी नीट येत नव्हती.’ हे वाक्य ऐकायला तांत्रिक आहे, पण त्याचा अर्थ ‘चूक मेलेल्याची’ एवढाच होतो. आणि ते वैद्यकीयदृष्ट्याही अपुरं आहे. कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या लहान शिरा डोक्याला जोराचा हिसका बसला, डोकं झपकन फिरलं, तरी तुटू शकतात. डोकं जमिनीला लागलंच पाहिजे असं नाही. आधीच्या आपटण्याने मेंदूला मार बसलेला असेल, डोकं दुखत असेल आणि तरी मुलाला पुन्हा उभं केलं असेल, तर दुसरा हिसका जीव घेऊ शकतो. थकलेल्या, चक्कर येणाऱ्या मुलाला ‘दम धर, ऊठ’ म्हणून वीस वेळा आपटणारा शिक्षक उकेमीचं नाव पुढे करून सुटू शकत नाही. पडायला शिकवणं हे मुलाच्या हाती दिलेलं संरक्षण आहे. ते शिक्षकाचं बचावपत्र होता कामा नये. पडण्याच्या शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्यांनी, माझ्यासकट, ही रेघ ठळक ओढायला हवी.

जपानी पालकांनी ती ओढली. मुलं गमावलेल्या आणि मुलं कायमची अंथरुणाला खिळलेल्या आईबापांनी २०१० साली संघटना बांधली. एप्रिल २०१२ पासून जपानच्या माध्यमिक शाळांत युद्धकलांचं शिक्षण सक्तीचं होणार होतं, त्याच्या तोंडावर त्यांनी देशाला प्रश्न विचारायला लावले. ज्युदो महासंघाला सुरक्षेच्या सूचना आणि प्रशिक्षकांची पात्रता यांकडे गंभीरपणे पाहावं लागलं. पुढची काही वर्षं शाळांमध्ये एकही मूल दगावलं नाही, म्हणजे ते शक्य होतं. मग पुन्हा एक मूल गेलं, म्हणजे लक्ष ढळलं की काय होतं तेही दिसलं. त्याच सुमारास जपानच्या राष्ट्रीय संघातल्या १५ महिला खेळाडूंनी मारहाणीची तक्रार केली आणि २०१३ च्या आरंभी मुख्य प्रशिक्षकाला पद सोडावं लागलं. आणि २०२२ साली महासंघाने प्राथमिक शाळेच्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. कारण दिलं की जिंकण्याचा हव्यास मोठ्यांच्या हातून मुलांच्या अंगावर येतोय. पदकांच्या यादीत वर्षानुवर्षं आघाडीवर असलेला देश दहा-बारा वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय पदक नको म्हणतो, हे आपल्या ‘ज्युनियर चॅम्पियन’च्या फलकांखाली उभं राहून एकदा वाचावं.

शिस्त म्हणजे मार, हे खूळ ज्युदोतून येत नाही याचा पुरावा फ्रान्समध्ये आहे. तिथे नोंदणीकृत ज्युदोपटू जपानपेक्षा कितीतरी अधिक, त्यांत लहान मुलं भरपूर. पण ज्युदो शिकवण्याच्या धंद्यावर १९५५ पासून कायद्याचं नियंत्रण आहे, आणि सरकारमान्य पात्रतेशिवाय पैसे घेऊन शिकवता येत नाही. आपल्याकडे क्लास काढायला काय लागतं? एक हॉल, एक फलक आणि काळा पट्टा. तो पट्टा कुणी, कशाच्या बळावर दिला हे विचारण्याची पालकांत रीत नाही.

खेळाच्या नियमांनाही या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त अक्कल आहे. पाठ टेकली की हार, त्यामुळे काही खेळाडू पडता पडता मान आणि टाचा टेकवून कमान करायचे, म्हणजे पाठ लागायला नको. मानेचा मणका पणाला लावून गुण वाचवायचा. आंतरराष्ट्रीय नियमाने उत्तर शोधलं : कमान करून टेकलात तरी समोरच्याला इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण. शिवाय डोक्याचा आधार घेऊन पडणं टाळायला गेलात तर थेट बाद. पडण्याची लाज ज्या ठिकाणी जिवावर उठते, तिथे ती लाज निरुपयोगी करून टाकायची, हा त्यामागचा विचार. आपल्या कुस्तीत पाठ लागणं म्हणजे घराण्याची अब्रू जाणं, आणि ही अब्रू आपण सहा वर्षांच्या पोराच्या मानेवर नेऊन ठेवतो. गॅलरीतून ‘पडायचं नाही!’ म्हणून ओरडणारा बाप त्याला नक्की काय सांगत असतो?

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न आणखी अडतो. शाळांमधून मुलींसाठी स्वसंरक्षणाची दोन-चार दिवसांची शिबिरं होतात, फोटो निघतात. ठोसा शिकवतात, लाथ शिकवतात, ओरडायला शिकवतात. झटापटीत आधी बसतो तो धक्का, आणि धक्क्याने माणूस पडतो. ते पडणं मात्र शिकवत नाहीत. मोकळेपणी पडायला ज्या मुलीला कधी मिळालंच नाही, तिचा हात पडताना जमिनीकडे जात नाही, कपडे सावरायला जातो. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२९ साली शिंझो ताकागाकी या जपानी शिक्षकाला शांतिनिकेतनात बोलावलं आणि मुलांबरोबर मुलींनाही मॅटवर उतरवलं. पुरेसा लोकाश्रय न मिळाल्याने तो प्रयोग दोनेक वर्षांत थांबला. कोदोकानने महिलांचा विभाग १९२६ साली सुरू केला खरा, पण त्याच परंपरेतल्या केइको फुकुदा यांना पाचव्या दानाच्या (काळ्या पट्ट्याच्या श्रेणीच्या) वर चढायला अनेक वर्षं थांबावं लागलं, केवळ बाई म्हणून. ज्यांच्याकडे कानो पहिल्यांदा शिकायला गेला त्या गुरूंची ही नात. पडायला शिकवणं आणि वर चढू न देणं, हेही जगाने करून पाहिलं आहे.

महाराष्ट्रात दरवर्षी एका दिवशी हजारो तरुण उंचावरून पडण्याचा धोका जाणूनबुजून पत्करतात, त्याबद्दल न बोलता हा लेख प्रामाणिक राहणार नाही. दहीहंडीच्या थरांवर २० फुटांची आणि गोविंदांच्या वयावर १८ वर्षांची मर्यादा मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली घातली. २०१७ साली उंचीची मर्यादा उठली आणि वयाची अट १४ वर आली. २०२२ साली सरकारने मृत्यू झाल्यास १० लाख रुपयांची मदत जाहीर केली. पडल्यानंतरची तरतूद झाली. पडण्याआधी काय? आषाढापासून रात्री उशिरापर्यंत थरांचा सराव करणाऱ्या किती पथकांत पडण्याचा सराव होतो? खालच्या थराने वरून येणाऱ्याला कसं झेलायचं, वरच्याने हात-पाय आवळून कसं यायचं, हनुवटी कुठे ठेवायची? स्पेनमधल्या काताल्युन्यातही मानवी मनोरे रचतात, आणि तिथे टोकावर चढणारी मुलं हेल्मेट घालूनच चढतात. बक्षिसाची लाखांची रक्कम लावणाऱ्या आयोजकाने त्यातल्या दशांशात गाद्या आणि एक प्रशिक्षक द्यावा, ही मागणी धर्मविरोधी नाही आणि संस्कृतीविरोधीही नाही.

आणि म्हातारपण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. त्यातली ८० टक्क्यांहून अधिक आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. साठीपुढची सगळ्यात जास्त. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे संशोधकांनी ज्येष्ठांसाठी तोल सांभाळण्याचा आणि पडण्याचा अभ्यासक्रम आखला, त्यात युद्धकलेतलं कुशीवर गोल होऊन पडण्याचं तंत्र घेतलं. त्या तंत्राने खुब्यावर येणारा आघात कमी होतो असं त्यांना मोजमापात आढळलं, आणि अभ्यासक्रम केलेल्यांचं पडण्याचं प्रमाणच जवळपास निम्म्यावर आलं. हाडं फार ठिसूळ झालेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पण आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांत हास्यक्लब चालतात, भजनं होतात, सहली निघतात. जाड गादीवर आठवड्यातून दोनदा पडायला शिकवणारा एखादा वर्ग तिथे का नसावा? बाथरूमच्या ओल्या फरशीवर खुब्याचं हाड मोडून सहा महिने अंथरुणावर काढणं हे नशीब आहे, असं मानायची आपल्याला सवय झाली आहे.

मुलाला किंवा मुलीला क्लासला घालायचं असेल, तर भिंतीवरची पदकं आणि प्रमाणपत्रं पाहू नका. एक पूर्ण तास कोपऱ्यात बसून राहा. मॅटवर बुक्की मारून पाहा, खालची लादी हाताला लागते का. नवं मूल आणि दोन वर्षं शिकलेलं मूल यांची जोडी लावली जाते का, आणि लावली तर मोठा धाकट्याची बाही धरून ठेवतो का, ते बघा. थकलेल्या मुलाने ‘सर, डोकं दुखतंय’ म्हटल्यावर सर काय करतात, यावर नीट नजर ठेवा. मग त्यांना विचारा, ‘‘गेल्या वर्षी कुणाच्या डोक्याला मार लागला होता का? त्याला त्याच दिवशी घरी पाठवलंत का? डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय परत मॅटवर घेतलंत का?’’ चांगला शिक्षक या प्रश्नाने चिडणार नाही, वही काढून दाखवेल. जो चिडेल, किंवा ‘आमच्याकडे असलं काही होत नाही’ म्हणेल, त्याच्याकडे फी भरू नका, आणि तुमच्या शेजाऱ्यांनाही भरू देऊ नका.